घरचं म्हातारं कुत्रं जाणार असेल तर काय काय करायचं, गावात राहणाऱ्यांसाठी

घरचं कुत्रं थकलं की आपल्या विदर्भातल्या गावांत दोनच वाक्यं ऐकू येतात, एक "जाईल आपोआप" आणि दुसरं "कुत्रंच त हाये". दोन्ही या कानाने ऐका आणि त्या कानाने सोडून द्या. ज्याने इतकी वर्षं तुमच्यासंगं जागल (रात्रीची राखण) केली, पऱ्हाटीतून (कपाशीतून) रानडुकरं आणि रोही (नीलगायी) हाकलले, त्याला गोठ्याच्या कोपऱ्यात माशा बसत पडू देणं म्हणजे आपोआप जाणं नाही. झोपेतल्या झोपेत शांत जाणारी कुत्री फार कमी असतात, बाकीच्यांना शेवटी सांभाळावं लागते नाहीतर शांत मरण देणाऱ्या इंजेक्शनचा निर्णय घ्यावा लागतो. मोबाईलवर याबद्दल पुष्कळ सापडते पण ते सगळं शहरवाल्यांसाठी, क्लिनिकला फोन लावा, ते गाडी पाठवतील वगैरे. आपल्याकडे डॉक्टर तालुक्याला, रविवारी दवाखान्याला कुलूप, आणि मे महिन्यात जमीन कुदळीला दाद देत नाही. म्हणून माझं म्हणणं एकच आहे, डॉक्टर कोणता, जागा कोणती, खड्डा कोण खोदणार, हे सगळं कुत्रं जिवंत असतानाच ठरवून ठेवा. ऐनवेळी रडायचं की कुदळ शोधायची, दोन्ही एकदम होत नाही.

वेळ खरंच आली का, ते आधी बघा

गावठी कुत्रं नीट राखलं तर बारा-चौदा वर्षं जगते, लॅब किंवा जर्मन शेफर्डसारखी मोठी जात त्याच्या आधीच थकते. पण पडून राहते, जेवत नाही, म्हणजे म्हातारपणच असं लगेच समजू नका. आपल्याकडे गोचीड ताप लय होते, कुत्रं सुस्त पडते, ताप येतो, हिरड्या पांढऱ्या पडतात, आणि हे गोळ्यांनी बरं होऊ शकते. ओठ वर करून हिरडी बघा, निरोगी असली तर गुलाबी असते, बोटाने दाबली की पांढरी होते आणि सोडल्यावर एक-दोन सेकंदात रंग परत येतो. उन्हाळ्यात एकाएकी धापा टाकत आडवं पडलं तर तो उष्माघात असू शकतो, तिथे मिनिटं महत्त्वाची, सावलीत घ्या, साधं पाणी मारा, पंखा लावा आणि निघा. खूप पाणी पिणं, खूप मुतणं, उलट्या आणि तोंडाला घाण वास, हे किडनीचं असू शकते, ते म्हातारपणी होते आणि बहुतेक बरं होत नाही, फक्त थोडे दिवस सुखाचे करता येतात.

म्हणून निर्णय घेण्याआधी एकदा तरी डॉक्टरला दाखवा आणि गोल गोल न बोलता सरळ विचारा, "डॉक्टर साहेब, हे बरं होणारं आहे का, की आता फक्त त्रास कमी करायचा?" डॉक्टरही बरेचदा घरच्यांना वाईट वाटेल म्हणून स्पष्ट बोलत नाहीत, तुम्ही विचारलं की बोलतात.

त्यानंतरचं काम घरच्यांचं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज संध्याकाळी एक खूण करा, दिवस बरा गेला तर बरोबर, वाईट गेला तर फुली. बरा म्हणजे काय ते आपल्या कुत्र्यावरून ठरवायचं, तुमची मोटारसायकल ओळखून मान वर करते का, आजीच्या हातची भाकर घेते का, स्वतः उठून अंगणाबाहेर मुतायला जाते का. फुल्या जास्त व्हायला लागल्या की घरात वाद उरत नाही, कारण सगळ्यांना दिसून रायलं असते. शेपूट हलते म्हणजे दुखत नाही असं धरू नका, कुत्रं मरणाच्या दारातसुद्धा मालकाला बघून शेपूट हलवते. दुखणं वेगळीकडे दिसते, सावलीत बसूनही धापा, अंग थरथरणं, एका कुशीवर लेटताच न येणं, एकच जागा चाटत राहणं, बंडीखाली किंवा कडब्यामागे जाऊन लपणं.

शेवटचे दिवस घरात

अंथरूण आधी नीट करा. नुसत्या फरशीवर ठेवलं की कमरेच्या आणि कोपराच्या हाडावर जखमा होतात. चुंगडीत (पोत्यात) काहीतरी मऊ भरून वर जुनी गोधडी टाका, पण सोयाबीनचं किंवा तुरीचं कुटार (भुसा) भरू नका, टोचते, भंडारा-गोंदियाकडची धानाची तणस (भाताचा पेंढा) मिळाली तर तिच्यासारखं काही नाही. उठताच येत नसेल तर दर तीन-चार तासांनी कूस बदला, रात्रीसुद्धा, घरातल्या माणसांनी पाळ्या लावून घ्या. खालचं ओलं झालं की लगेच बदला आणि अंग कोमट पाण्याच्या फडक्याने पुसून कोरडं करा.

पावसाळ्यात सगळ्यात मोठा ताप अळ्यांचा. एवढीशी जखम असते, माशी बसते, आणि दोन दिवसात आत किडे वळवळत असतात, वरून फक्त भोक दिसते आणि वास येते. शेपटीखाली, कानात, पंजाच्या बोटांमध्ये रोज टॉर्च लावून बघा. अळ्या दिसल्या तर फिनाईल, पेट्रोल, रॉकेल असलं काही ओतू नका, आग होते नुसती आणि मांस जळते, जनावरांच्या मेडिकलमध्ये जखमेवर मारायचा स्प्रे मिळते तो आणा आणि डॉक्टरकडून जखम साफ करून घ्या. म्हातारं कुत्रं अळ्यांनी गेलं ही गोष्ट कोणाच्याच घरी होऊ नये.

जेवणाचा हट्ट करू नका. ताकातल्या ज्वारीच्या कण्या, अळणी वरणात कुस्करलेली भाकर, कांदा-लसूण-मसाला न टाकलेलं मटणाचं पाणी, यातलं जे घेईल ते थोडं थोडं द्या. पाणी चमच्याने किंवा बिनसुईच्या सिरिंजने गालाच्या बाजूने द्यायचं, मान थोडी वर धरून, आणि गिळत नसेल तर लगेच थांबायचं, नाहीतर पाणी फुफ्फुसात जाते. जवळ जवळ जात आलेलं कुत्रं खाणं बंद करते, तेव्हा कोंबण्यात अर्थ नाही, ओल्या कापसाने ओठ ओले केले तरी पुष्कळ झालं.

घरातल्या डब्यातल्या गोळ्या देऊ नका. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, आपल्याला चालते ते कुत्र्याला चालत नाही, रक्ताच्या उलट्या होऊ शकतात, लिव्हर-किडनी जाते. डायक्लोफिनॅक तर जनावरांसाठी 2006 पासून बंदच आहे, ते औषध दिलेली मेलेली गुरं खाऊन गिधाडं संपत आली म्हणून. दुखणं कमी करायची कुत्र्याची वेगळी औषधं असतात, ती डॉक्टर लिहून देते.

आणि उन्हाळा असला तर कूलर त्याच्याकडे वळवा, माणसांनी पंख्याखाली झोपावं चार दिवस.

इंजेक्शनचं ठरलं तर

हे पाप आहे का, असं गावात कोणी ना कोणी विचारतेच. माझं मत, जे बरं होणार नाही आणि ज्याला रोज दुखते त्याला त्यातून सोडवणं पाप नाही, पण निर्णय घरातल्या मोठ्या माणसांनी बसून घ्यावा, एकट्यावर टाकू नये, नाहीतर नंतर त्याच एकट्याला जन्मभर ऐकून घ्यावं लागते.

डॉक्टर कुठे शोधायचे तर आधी आपल्या गावचा किंवा जवळचा पशुवैद्यकीय दवाखाना, तिथे पशुधन विकास अधिकारी, म्हणजे सरकारी जनावरांचे डॉक्टर, बसत असतील तर त्यांना विचारा. गुरांसाठी 1962 हा नंबर आहे, त्यावरही जवळ कोण डॉक्टर आहे ते विचारून बघता येते. गाय-बैलाचे डॉक्टर कुत्र्याला इंजेक्शन द्यायला कधी कधी तयार नसतात, मग तालुक्याचा किंवा जिल्ह्याचा मोठा पशु दवाखाना. केस गुंतागुंतीची असली तर नागपूरला सेमिनरी हिल्सवरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे आणि पश्चिम विदर्भातल्यांसाठी अकोल्याची पशुवैद्यक संस्था. पण जे कुत्रं मरणाला टेकलं आहे त्याला गाडीत टाकून चार तास हिंडवू नका, त्यापेक्षा डॉक्टरला जायचे-यायचे पैसे द्या आणि घरी बोलवा. आधीच फोन करून ठेवा, औषध त्यांच्याकडे पडून नसते, मागवावं लागते, एक-दोन दिवस जातात.

फोनवरच एक गोष्ट पक्की करा, आधी गुंगीचं इंजेक्शन देणार ना? देणार असतील तरच पुढे बोला. गुंगीच्या औषधाने काही कुत्र्यांना उलटी होते, म्हणून शेवटचं म्हणून वाटीभर मटण खाऊ घालायचा मोह आवरा, आवडीचे दोन तुकडे पुरे.

मग काय होते ते आधीच माहीत असलेलं बरं. गुंगीचं इंजेक्शन मांडीत देतात, थोड्या वेळात कुत्र्याचं डोकं जड होऊन खाली येते, नाव घेतलं तर कान हलतो पण डोळे कुठेच बघत नसतात. मग डॉक्टर पुढच्या पायावरचे केस काढतात, स्पिरिटचा बोळा फिरवतात, तुम्हाला किंवा कंपाउंडरला कोपराच्या वर अंगठ्याने दाबून धरायला सांगतात, तशी शीर वर येते, आणि त्या शिरेत बेशुद्धीचंच औषध पण लय जास्त मात्रेत सोडतात, आपल्याकडे बरेचदा थायोपेंटोन. औषध जात असतानाच श्वास मंद होते आणि काही मिनिटांत हृदय थांबते. डोळे मिटत नाहीत, उघडेच राहतात. नंतरही एखादा मोठा श्वास घेतल्यासारखं होते, पाय झटकते, लघवी-संडास सुटते. हे बघून "अजून जिवंत हाये" म्हणून ओरडू नका आणि पोरांना आधीच सांगून ठेवा, तो गेलेला असतो, स्नायू सैल होत असतात. डॉक्टरला स्टेथोस्कोप लावून खात्री करायला सांगा, ते निघून गेल्यावर शंका नको.

डोक्याजवळ त्याचा सगळ्यात जवळचा माणूस बसू द्या. गर्दी नको, शेजारपाजारचे व्हिडिओ काढायला येतात त्यांना दाराबाहेरच थांबवा.

आणि एक गोष्ट स्पष्ट लिहितो कारण गावात हे होते. मटणात थिमेट (फोरेट, पिकाच्या किडीचं विष) टाकून देणं, काठीने संपवणं, पोत्यात घालून दुसऱ्या गावच्या शिवारात नाहीतर हायवेवर सोडून येणं. फोरेटसारख्या विषाने कुत्रं तासंतास तडफडून मरते, वरून ते मटण दुसऱ्या कोणाच्या कुत्र्याने, कावळ्याने खाल्लं की तेही गेलं. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धचा कायदा 1960 चा आहे, त्याच्या कलम 11 मध्ये क्रूरपणे मारणं आणि उपाशी मरेल असं सोडून देणं, दोन्ही गुन्हे आहेत. डॉक्टरला द्यायला पैसे नसतील तर गावात मागा, लाज वाटू देऊ नका, पण हे करू नका.

पिसाळल्याची शंका असेल तर इथलं सगळं बदलते

कुत्रं एकाएकी बदललं, आवाज घोगरा झाला, दिसेल त्याला चावते, किंवा उलट, जबडा लोंबते, लाळ गळते आणि पाणी गिळता येत नाही, तर मांडीवर घेऊन निरोप द्यायचा नाही. जबडा लोंबला की लोकं म्हणतात घशात हाड अडकलं आणि हात घालून बघतात, यातच घात होतो. कोंडून ठेवा, डॉक्टरला सांगा. ज्याला चावलं, ओरखडलं, किंवा ज्याच्या जखमेवर लाळ लागली त्याने ती जागा साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जायचं, लस तिथे फुकट असते, ठरलेल्या तारखांना सगळे डोस पूर्ण करायचे. हळद, मिरची, चुना लावायचा नाही, मांत्रिक तर नाहीच नाही. रेबीजची लक्षणं एकदा सुरू झाली की माणूस वाचत नाही, म्हणून इथे भावनेत यायचं नाही. मेल्यावर उघड्या हाताने उचलायचं नाही, आणि दुसऱ्या कुत्र्यांना जवळ येऊ द्यायचं नाही.

खड्डा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून जरा लांबवतो.

जागा वावरातल्या (शेतातल्या) धुऱ्यावर, म्हणजे बांधावर बघा, उंचवट्याची, विहिरीपासून, बोअरपासून आणि नाल्यापासून लांब. ज्यांना वावर नाही त्यांनी सरपंचाला किंवा ग्रामसेवकाला विचारून गायरानात जागा घ्यावी, नाहीतर नातेवाईकाचं वावर. नाल्यात, नदीत, तलावात टाकायचं नाही, खाली कोणीतरी त्याच पाण्यावर गुरं पाजत असते. उकिरड्यावर टाकलं तर गावातली मोकाट कुत्री काय करतात ते सांगायची गरज नाही.

खोली कमीत कमी चार फूट, म्हणजे माणूस आत उभा राहिला तर छातीपर्यंत येईल एवढी. दोन फुटाचा खड्डा म्हणजे न खोदल्यासारखाच. आपली काळी माती उन्हाळ्यात बोट जाईल एवढी फाटते, भेगा खाली खाली जातात, खड्डा उथळ असला की त्याच भेगांतून वास वर येते आणि रात्रीतून कोल्हे, रानडुकरं, गावची कुत्री उकरून काढतात. खाली मुरूम लागला तर चांगलं, पाणी निचरते. पावसाळ्यात आदल्या दिवशी खोदून ठेवू नका, रात्रीतून विहीर होते त्याची, त्याच दिवशी खोदा आणि धुऱ्याच्या चढाच्या बाजूला खोदा. उन्हाळ्यात मात्र उलट, कुत्रं अंथरुणाला लागलं की खड्डा आधी खोदून ठेवा किंवा जवळपास जेसीबीचं काम चालू असेल तर ऑपरेटरला दोन बकेट मारायला सांगा, आणि तोवर खड्ड्यावर फळ्या किंवा पत्रा टाका, त्यात दुसऱ्याची शेळी पडायची. आधी खोदणं अशुभ असं आमच्याकडची म्हातारी माणसं म्हणतात, त्यांना म्हणा बरं, आणि खोदा.

इंजेक्शन दिलं असेल तर खोलीत अजिबात काटकसर नको. ते औषध शरीरात तसंच राहते, उकरून खाणारं जनावर त्यानेच मरू शकते. मेळघाटच्या, ताडोब्याच्या बाजूच्या गावांनी तर हे जास्त पाळावं.

कुत्रं गेल्यावर तास-दोन तासांत त्याचे पाय पोटाशी घ्या, झोपते तसं, कारण मग अंग ताठते आणि पाय वाकत नाहीत, खड्डा मोठा करायची पाळी येते. आपल्या उन्हात संध्याकाळपर्यंत वाट बघू नका, पाहुणे यायचे असतील तरी नका. गुंडाळायला सुती काहीही चालते, जुनं धोतर, लुगडं, गोधडी, पण प्लास्टिकची पोतडी आणि फवारणीच्या औषधाच्या गोण्या नको, आत कुजत नाही. गळ्यातला पट्टा आणि साखळी काढून घ्या. आमच्या काकाने पट्टा तसाच राहू दिला असता पण काकू म्हणाली त्याला आता कशाला बांधता, तेवढंच बोलली ती त्या दिवशी.

लोकं मीठ आणि चुना टाकतात. थोडं टाकलं तर काही बिघडत नाही, पण चुन्याने लवकर गळते हा समज आहे, उलट हळू कुजते, वासाचं काम खोलीच करते. अर्धा खड्डा मातीने भरला की धुमसाने किंवा पायाने दाबा, मग मोठे दगड, मग पुन्हा माती, आणि सगळ्यात वर बोरीच्या नाहीतर बाभळीच्या काट्या, त्यावर परत दगड. काट्या महिनाभर काढू नका. पहिल्या मोठ्या पावसात माती खचते, तिथे खळगा पडते, चार घमेली माती वरून टाका. झाड लावायचं असेल तर सीताफळ किंवा कडुनिंब लावा, पण माती खचून झाल्यावर.

घरची माणसं आणि गावची माणसं

पोरांना "बाहेरगावी गेला", "पळून गेला" असं सांगू नका, ते रोज फाटकाशी बसून वाट बघतात आणि मग शाळेत कोणीतरी खरं सांगते. मेला, आता येणार नाही, असं सरळ सांगा. खड्ड्यावर यायचं म्हणत असतील तर येऊ द्या, माती टाकू द्या. फक्त "झोपवला" म्हणू नका, लहान पोरगं मग स्वतः झोपायला भ्यायला लागते.

घरात दुसरं कुत्रं असेल आणि गेलेल्याला लागणारा रोग नसेल तर त्याला एकदा जवळ येऊन हुंगू द्या, ते आपणहून बाजूला होते. काही दिवस ते कमी जेवते, दारात पडून राहते, त्याला संगं वावरात न्या.

विधीचं ज्याने त्याने बघावं. कोणी तुळशीचं पाणी तोंडात घालते, कोणी तेराव्याला गल्लीतल्या कुत्र्यांना रोडगे घालते, कोणी काहीच करत नाही. दत्ताच्या पायाशी चार कुत्रे असतात आणि युधिष्ठिराने कुत्र्याला सोडून स्वर्गात जायला नकार दिला, हे कीर्तनात ऐकणारीच माणसं दुसऱ्या दिवशी म्हणतात "काहून रडून रायला बे कुत्र्यासाठी". गाडगेबाबा आपल्याच अमरावती जिल्ह्यातले, त्यांच्या दशसूत्रीत मुक्या प्राण्यांना अभय आहे, ती पाटी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर असते, त्या माणसाला ती दाखवा. स्टेटस ठेवायचं तर ठेवा, नाही ठेवलं तरी चालते.

नवीन पिलू कधी आणायचं

रानडुकरं काही सुतक पाळत नाहीत, जागलीला कुत्रं लागतेच, म्हणून गावात नवीन पिलू लवकर येते आणि त्यात वाईट काही नाही. पण आधीचं कुत्रं किंवा पिलू पार्व्होने, म्हणजे रक्ताच्या जुलाबाने गेलं असेल तर थांबा. तो विषाणू मातीत, अंगणात महिनोन्‌महिने टिकते, वर्षभरसुद्धा. जुनी गोधडी जाळा, भांडी आणि फरशी ब्लीचिंगच्या पाण्याने धुवा, आणि लस पूर्ण झालेलं मोठं पिलूच आणा. लसीचा पहिला डोस सहा ते आठ आठवड्यांत, मग दर तीन-चार आठवड्यांनी चार महिन्यांचं होईपर्यंत, आणि रेबीजची तीन महिन्यांनंतर, मग डॉक्टर सांगेल तशी दरवर्षी. लस देताना डॉक्टरला गोचिडाच्या औषधाचंही विचारून घ्या, आणि पिलाला गोठ्यात बांधायच्या आधी गोठ्याच्या भेगा लिंपून घ्या, गोचीड तिथेच दडून बसते.